काकांचं सोवळं

काकांची आणि माझी पहिली भेट मी नखशिखांत भिजल्यावर झाली. बदली होऊन मी त्या गावच्या शाळेत नुकतीच रुजू झाले होते आणि राहायला खोली शोधत होते. बोर्ली पंचतनच्या बाजारात एका दुकानदाराने पत्ता दिला आणि वर सांगितलं, वहाळाकडच्या, म्हणजे ओढ्याकडच्या वाटेने जा, जवळ पडेल. तशी गेले. एका बंद गोठ्याला वळसा घालून अंगणात पाऊल ठेवते न ठेवते तोच ओल्या पंच्यातले एक उंच, हडकुळे गृहस्थ भरलेली कळशी घेऊन धावत आले, "थांबा, तिथेच थांबा!" असं ओरडले आणि अख्खी कळशी त्यांनी माझ्या डोक्यावर उपडी केली. मी किंचाळायलासुद्धा विसरले. कळशी खाली ठेवून ते अगदी शांतपणे म्हणाले, "हं, आता या. खोली बघायला आलात ना? चहा घेणार?"

गावाने या प्रकाराचा अर्थ आपल्या परीने लावून ठेवला होता. काका कडक सोवळ्याचे. दिवसातून कितीदा तरी अंघोळ, अंगावर कायम ओला पंचा, कोणी जवळ आलं की दोन पावलं मागे. घरात सकाळ-संध्याकाळ धुपाचा लोट. मागच्या खोलीला मोठं कुलूप, तिथे त्यांचं देवघर असल्याचा सगळ्यांचा समज. समोरच्या वाटेने येणाऱ्याला ते काही करत नसत, पण गोठ्याकडच्या वाटेने आलेल्याला पाणी चुकत नसे. शेजारच्या अनसूयाबायचं शेत त्याच बाजूला. भात लावणारं घर, नवरा शेतात, मुलगा मुंबईला कंपनीत. तिचं जाणं-येणं त्या वाटेवरून, त्यामुळे सगळ्यांत जास्त पाणी तिच्याच अंगावर पडलं असेल. "आमचा इटाळ व्हतो काकांना," ती मला हसत सांगायची. पण पदर पिळताना तिचा चेहरा हसरा नसायचा.

मी मुळातली भित्री. आमच्या घाटावरच्या गावात मी अंधाराला भ्यायचे, इथे आल्यावर उजेडातही भ्यायला लागले. खोली मी घेतली, पण काकांच्या घरात पंखा नव्हता. कोकणातला तो दमट उकाडा, अंगाला चिकटणारे कपडे आणि घरात एक पंखा नाही! खिडक्यांच्या फटीत चिंध्या कोंबलेल्या. समुद्राकडून वाऱ्याची झुळूक आली की गावातली माणसं छातीची बटणं सोडत, आणि काका उठून दारं लावत. "वारा आणि पोलीस सांगून येत नाहीत," असं ते म्हणायचे. मला वाटे, म्हाताऱ्याचं काहीतरी विनोदी बोलणं. एवढं मात्र लक्षात आलं होतं, की रस्त्यावर मोटरसायकलचा आवाज झाला की काका बोलता बोलता थांबतात आणि आवाज लांब गेल्यावर वाक्य जिथे सोडलं तिथूनच उचलतात.

सकाळी गोठ्यातून टिचक्या मारल्यासारखा आवाज यायचा. टक, टक, टक. मधेच थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. गोठ्यात गुरं नव्हती. एकदा मी फटीतून डोकावले. काका नाकातोंडाला फडकं बांधून वाकले होते, हातात स्टीलची ताटली, ताटलीत कागद आणि कागदावर पिवळीधमक पूड. त्यांनी श्वास रोखून धरला होता आणि ती पूड एका बारीक कुंचल्याने गोळा करत होते. आमच्याकडे करणी करणाऱ्यांच्या गोष्टी सांगतात, त्यातल्या सगळ्या एकदम आठवल्या. त्या दिवशी शाळेत मी मुलांना पाढे चुकीचे शिकवले.

आमचा फ्रीज एकच होता, त्यांचा. त्याच्या वरच्या कप्प्यात होमिओपॅथीच्या छोट्या बाटल्या ओळीने असायच्या आणि प्रत्येकीबरोबर भाजलेल्या तांदळाची इवलीशी पुरचुंडी. खालच्या कप्प्यात माझं दूध. मी कित्येक दिवस ते दूध गाळून, उकळून, पुन्हा गाळून प्यायले. काकांनी ते पाहिलं असावं. एकदा म्हणाले, "बाई, त्या बाटल्यांनी तुमच्या दुधाला काही होणार नाही. तुमच्या दुधाने त्यांना होईल. ओल लागली की संपलं."

खरं काय ते त्यांना हिवताप आला तेव्हा कळलं. कुडकुडत, भिंत धरत ते माझ्या दाराशी आले आणि म्हणाले, "बाई, एक काम आहे. आज नाही केलं तर उद्या कळ्या फुटतील आणि सगळं हवेत जाईल." त्यांनी मला अंघोळ करायला लावली, डोक्याला फडकं बांधायला लावलं आणि गोठ्याचं दार उघडलं. आत काचेच्या कौलांतून ऊन पडलं होतं. त्या उन्हात माझ्यापेक्षा उंच, सरळसोट, हिरवी झाडं रांगेत उभी होती. बोटं पसरलेल्या पंजासारखी पानं आणि फांद्यांच्या टोकाला भाताच्या दाण्याएवढ्या पिवळसर कळ्यांचे लोंबते झुबके.

"कसली झाडं ही, काका?"

"गांजाची," काका म्हणाले. "घाबरू नका, नर आहेत."

माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र दिसत होतं. माझ्या नावाचा निलंबनाचा हुकूम, वर्तमानपत्रात फोटो, आणि माझे वडील तो पेपर दुमडून उशीखाली लपवताहेत. काका मात्र तापाने लालबुंद डोळ्यांनी मला समजावत होते. ते सगळी नोकरी सरकारी शेतीफार्मावर धाग्याच्या पिकांत करून निवृत्त झाले होते. अंबाडी, ताग, घायपात. त्यांना याच झाडाची अशी जात तयार करायची होती, की जिच्यात नशा नावालाही नसेल आणि जी इथल्या खारपट जमिनीत माणसाच्या दुप्पट वाढून जाळ्यांना, दोरांना धागा देईल. किनाऱ्यावर नायलॉनच्या जाळ्यात गळफास बसून मेलेलं कासव त्यांनी एकदा पाहिलं होतं, तेव्हापासून हे डोक्यात बसलेलं. "परवानगी मागितली होती मी," ते म्हणाले. "उत्तर आलं नाही. माझं वय थांबायला तयार नव्हतं."

माद्या मागच्या खोलीत होत्या, त्या कुलपाआड. निवडलेल्या नराची पूड टिचक्या मारून कागदावर झाडायची, मलमलीतून चाळायची, फ्रीजमधल्या बाटल्यांत कोरडी ठेवायची, कुंचल्याने निवडलेल्या मादीला लावायची आणि फांदीला कागदाची पिशवी बांधायची. बाकी कुठल्याही नराचा कण तिथे पोचता कामा नये. एक झुळूक, एक बाही, केसात अडकलेली चिमूटभर पूड, आणि कित्येक वर्षांची निवड मातीत. पाण्याने मात्र ती पूड मरते. म्हणून पाणी. गोठ्याजवळून येणाऱ्या प्रत्येकावर.

"म्हणजे सोवळं नाहीच?"

"मी कधी म्हटलं सोवळं म्हणून? लोकांनी म्हटलं. मी गप्प बसलो." मग म्हणाले, "बरं पडतं ते. सोवळ्याच्या माणसाचं कुलूप कोणी उघडायला लावत नाही."

मी त्या दिवशी टिचक्या मारल्या. हात इतके थरथरत होते, की टिचकी मारायची गरजच पडली नाही.

खोली सोडावी असं रोज मनात येई. पण गावात एकट्या बाईला दुसरी खोली मिळत नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला ते म्हातारे आवडायला लागले होते. झाडांशी ते आदराने बोलायचे. एखादी मादी वाळली तर त्या दिवशी जेवायचे नाहीत. त्यांचा मुलगा वाशीला होता, वडील देवाधर्माला लागले म्हणून तो खूश होता. माझी मात्र झोप उडाली. लाइटचं मीटर बघायला माणूस आला तरी मी खोलीचं दार आतून लावून घ्यायचे. झाडांचा वास दबावा म्हणून काकांनी धूप घातला की मी माझ्या खोलीतही उदबत्त्या लावायचे. गावात बोलायला लागले, बाईंनापण काकांचा वारा लागला.

आणि मग गौरी आल्या.

नरांचं काम आटोपलं की काका ती झाडं उपटून मागच्या टाकीत बुडवून ठेवत. पूडही मरे आणि पुढे साल सडून धागा निघे. त्या वर्षी टाकी आधीच भरली होती. म्हणून शेवटची जुडी त्यांनी वहाळाच्या वाहत्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवली. त्यांच्या दृष्टीने याहून सुरक्षित जागा नव्हती. वहाळाच्या काठी तेरडा फुलतो आणि गौर तेरड्याची असते, हे इतकी वर्षं तिथे राहून त्यांना आठवलं नाही. ते कधी कोणाच्या गौरीला गेलेच नव्हते.

अनसूयाबायच्या सुनेचा तो पहिला ववसा. लग्नानंतर सून पहिल्यांदा सुपं भरून गौरीसमोर ओवाळते, तो मान. घरात पाहुण्यांची दाटी. मला दुपारी जेवायचं आमंत्रण होतं. दारात चपलांच्या ढिगात मला तांबडे पोलिसी बूट दिसले आणि माझे पाय तिथेच अडखळले. सुनेचे मामा म्हसळ्याला हवालदार होते, भाचीच्या ववशासाठी सुट्टी काढून आले होते. गौरीसमोरच मांडी घालून बसले होते, अंगात पांढरा सदरा, ओठांवर जाड मिशी. मी हात जोडले, वर पाहिलं आणि जोडलेले हात तसेच राहिले.

गौर सुंदर सजली होती. हिरवी साडी, मुखवटा, नथ. मुखवट्यामागून तेरड्याची गुलाबी फुलं डोकावत होती, आणि फुलांच्याही वर, मुकुटासारखी, बोटं पसरलेली ती पानं.

"छान हाय ना, बाई?" अनसूयाबाय कौतुकाने म्हणाली. "पोरींना वहाळात जुडीच मिळाली. सरळ, उंच. औंदा गौर कशी ताठ उभी ऱ्हायली बघा! देवीनंच धाडली."

मी काहीतरी पुटपुटले आणि पळत काकांकडे आले. ते मागच्या खोलीत कुंचला घेऊन उभे होते. मी दारातूनच सांगितलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला.

"किती पानं दिसतात?" त्यांनी विचारलं.

"काका, पानं कसली मोजताय! हवालदार समोर बसलाय!"

ते स्टुलावर बसले. मीच मग सुचवलं. गावात सोवळ्याबाबत काकांचा शब्द शेवटचा. त्यांनी नुसतं म्हणायचं, ही पत्री देवीला वर्ज्य आहे, काढा. एका क्षणात काढतील. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मान डोलावली, कोरडा सदरा घातला. त्यांना सदऱ्यात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

काका अनसूयाबायच्या ओट्यावर चढले तशी घरातली बडबड थांबली. बायकांनी पदर सावरले. कोणीतरी पोरांना त्यांच्या वाटेतून मागे ओढलं. सून सूप घेऊन गौरीसमोर उभी होती, ती तशीच थिजली. अनसूयाबाय पुढे आली. इतकी वर्षं हा माणूस तिच्या अंगावर पाणी ओतत आला होता आणि नेमका आज तिच्या उंबऱ्यात उभा होता. ती घाबरली होती. मी माझ्या भीतीत इतकी बुडाले होते, की तिचीही भीती असेल हे तोवर माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"काका," ती म्हणाली, "आमचं काय चुकलं व्हय? काय शिवाशिव झाली? पोरीचा पयला ववसा हाय. काय असंल तर मला सांगा, तिला नका बोलू."

काकांनी गौरीकडे पाहिलं. मग त्या पोरीकडे. तिच्या हातातलं सूप कापत होतं. मी मागून त्यांचा सदरा ओढला. बोला ना, काका. एक वाक्य बोला.

"काही चुकलं नाही, अनसूये," काका म्हणाले. "गौर फार देखणी झालीय. मी दर्शनाला आलो." आणि ते हवालदारांच्या शेजारी जाऊन बसले.

घरात एकदम आनंद झाला. सोवळ्याचे काका आपल्या घरी आले, आपल्या जमिनीवर बसले! सुनेने ओवाळलं, मग येऊन काकांच्या पायाला हात लावला. काका मागे सरले नाहीत. गौरीला तिखटाचा नैवेद्य होता, घरभर चिंबोऱ्यांच्या कालवणाचा वास. अनसूयाबायने काकांसाठी वेगळ्या पानावर घावन आणि घाटलं आणलं, ते त्यांनी खाली मान घालून खाल्लं. सगळं घर ते बघत होतं. हवालदार मात्र गौरीकडे बघत होते.

"काका, ही पानं कसली हो?" त्यांनी विचारलं.

काकांचा घास घशात अडकला. मी पाण्याचा तांब्या पुढे केला, तो अर्धा सांडला.

"अंबाडी," काका म्हणाले.

"अंबाडी? घरची आमची सातारकडची. भाजी करते ती. आंबट लागती." असं म्हणून हवालदारांनी हात लांब केला आणि मुखवट्यावरचं एक पान दोन बोटांत धरलं.

मी डोळे मिटले. मला आधी अनसूयाबायचा आवाज ऐकू आला. "दादा! तोडू नका. म्हायेरवाशीण हाय ती, उद्या बोळवण होईस्तवर तिच्या अंगाला हात न्हाय लावायचा." डोळे उघडले तेव्हा हवालदारांनी पान सोडलं होतं. "चुकलं, बाय," ते म्हणाले आणि बोटं सदऱ्याला पुसली. पुसण्याआधी नाकाजवळ नेली का, ते मी पाहिलं नाही.

ती रात्र आम्ही दोघांनी कशी काढली ते सांगण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशी विसर्जनाला काका आणि मी खाडीवर गेलो. गौर पाण्यात नेताना हवालदार पुढे झाले. "आन गं, मी बोळवतो," म्हणत त्यांनी भाचीच्या हातून गौर घेतली, मुखवटा आणि साडी उतरवून तिच्याकडे दिली आणि ती जुडी घेऊन ते मांडीएवढ्या पाण्यात शिरले. इतरांच्या गौरी तरंगत गेल्या. हवालदारांनी आपली पायाखाली दाबली, चिखलात पार रुतवली, वर धोंडा ठेवला आणि मगच बाहेर आले.

परत येताना ते आमच्या बरोबरीने चालू लागले. पुढे बायका गाणी म्हणत होत्या.

"अंबाडीच्या देठाला बारीक काटे असतात, काका," ते हळूच म्हणाले. "घरची भाजी निवडताना हात खाजवती. हिला काटे न्हाईत."

काका वाटेतच थांबले. हवालदारही थांबले.

"भाचीचा पयला ववसा. तिच्या गौरीचा पंचनामा करू काय मी? सुट्टीवर हाय म्हणून गप बसलो. परवा ड्युटीवर हजर होनार. परवा साहेबांना घेऊन येनार."

"त्यात नशा नाही हो," काका म्हणाले. "मी नशा काढतोय त्यातली. आणखी दोन-तीन हंगाम मिळाले असते तर..."

"ते कोर्टात सांगा. कायदा पान बघतो." हवालदार थोडं पुढे गेले आणि वळून म्हणाले, "मी परवा म्हनलो, काका. उद्या न्हाय."

दुसऱ्या दिवशी काकांनी कुलूप काढलं आणि खोलीत जाऊन नुसते उभे राहिले. माद्यांच्या पिशव्यांत बी भरत आलं होतं, अजून कच्चं. ते एका झाडाला हात लावत, मागे घेत, दुसऱ्याला लावत. मी म्हटलं, मी उपटते, पण माझ्याच्याने मुळं निघेनात. तेवढ्यात दारात अनसूयाबाय उभी राहिली. कोणी सांगितलं तिला, तिने कधी सांगितलं नाही. तिने झाडांकडे पाहिलं, पिशव्यांकडे पाहिलं, देव नसलेल्या त्या खोलीच्या चारी भिंतींकडे पाहिलं.

"म्हंजी या झाडांपायी व्हतं व्हय पानी?" तिने विचारलं.

"हो," काका म्हणाले.

"आन मी आपली..." एवढं बोलून ती थांबली. तिचे डोळे भरले होते, रागाने की कशाने ते मला कळलं नाही. मग तिने पदर खोचला आणि भाताचं आवण, म्हणजे रोपं, काढतात तसं बुंध्याशी वाकून एकेक झाड मुळासकट काढायला सुरुवात केली. कोपऱ्यातल्या एका झाडापाशी काका म्हणाले, "तिला राहू दे." ती थांबली. त्यांच्याकडे न बघता नुसती थांबून राहिली. बऱ्याच वेळाने काका म्हणाले, "काढ." टाकीतल्या जुन्या जुड्या दाबून सगळी झाडं तिच्यातच गेली, वर चुना आणि शेणाचा थर पडला. फ्रीजमधल्या बाटल्या काकांनी स्वतः बादलीत रिकाम्या केल्या. पाण्यावर थोडा वेळ पिवळा तवंग दिसला, मग तोही बसला.

जीप सांगितल्या दिवशी आली. साहेबांनी गोठा पाहिला, खोली पाहिली, शेणाने ताजी सारवलेली जमीन पाहिली. "इथे काचेची कौलं कशाला?" त्यांनी विचारलं. काकांनी तोंड उघडलं, आणि मला वाटलं, आता हा माणूस सगळं खरं सांगून टाकणार. "झेंडू लावत असतील, साहेब," हवालदार मागून म्हणाले. "सणाला." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मान हलली की अंगच थरथरलं, कोण जाणे. जीप गेली आणि मी तिथेच सारवलेल्या ओल्या जमिनीवर बसून रडले.

पुढे वर्षभर मी त्या घरात राहिले. काका संध्याकाळी माझ्याकडे चहाला येऊ लागले, गावातल्या लग्नाला जाऊ लागले. अनसूयाबायचा नातू झाला, तो त्यांच्या मांडीवर खेळायचा. लोक म्हणत, म्हातारपणी काका सुधारले. ते कमी बोलायचे आणि बसल्या जागी झोपी जायचे. माझी बदली झाली तेव्हा निरोप घेताना मी त्यांना म्हटलं, "काका, आता निवांत राहा. आता कसली भीती नाही."

"नाही हो बाई," ते म्हणाले. "भ्यायचं कशासाठी, ते काही उरलंच नाही."